बुडी कोण मारतो?

सातवीच्या वर्गात 'गोता' हा शब्द निघाला, तेव्हा फळ्यावर त्याच्या शेजारी मी उर्दूतला 'ग़ोता' लिहिला. शब्द एकच. उर्दूत ग़ोता म्हणजे बुडी आणि ग़ोताख़ोर म्हणजे पाणबुड्या. मराठीत मात्र 'गोता खाल्ला' म्हटलं की माणूस फसला, नुकसानीत गेला. एका मुलीने लगेच हात वर केला. "सर, माझे मामा-मामी पैसे भरून मालदीवला गोता खायला गेले होते." सगळा वर्ग हसला, मीही हसलो. पण प्रश्न डोक्यात राहिला. बुडी मारण्यासाठी माणूस पैसे कधीपासून द्यायला लागला?

आमच्या नाशकात बुडी मारणारा म्हणजे गोदावरीत नाणी शोधणारा पोरगा, नाहीतर बुडालेल्याला बाहेर काढणारा जीवरक्षक. पाण्याखाली गरजेपोटी जायचं, मौजेसाठी नाही. हजारो वर्षं जगभर हेच होतं.

इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी आपल्याला परका नाही. चौदाव्या शतकात तो दौलताबादेत आणि नंदुरबारला येऊन गेला, मराठ्यांविषयी त्याने लिहिलं. इराणच्या आखातातल्या मोत्यांच्या पाणबुड्यांचंही वर्णन त्याने केलं आहे. पाणबुड्या कासवाच्या कवचापासून केलेलं आवरण तोंडावर चढवतो, त्याचाच चिमटा नाकाला लावतो, कमरेला दोर बांधतो आणि खाली जातो. काही जण तासभर पाण्याखाली राहतात, असंही तो लिहितो. ही थाप आहे, एका श्वासात ते कुणालाच शक्य नाही. त्याच्या पुढचं वाक्य मात्र मला खरं वाटतं. मोत्यांचा पाचवा हिस्सा सुलतान घेतो, बाकीचे तिथे होड्यांवर हजर असलेले व्यापारी घेतात, आणि बहुतेक पाणबुडे या व्यापाऱ्यांचे कर्जदार असल्यामुळे मोती कर्जापोटीच जातात.

ही रीत सहाशे वर्षं टिकली. हंगामाआधी उचल घ्यायची, हंगामभर बुड्या मारायच्या आणि शेवटी देणं शिल्लकच. बहरीनमध्ये बापाचं कर्ज मुलाच्या डोक्यावर येत असे. १९२०च्या दशकात तिथे सुधारणा झाल्या तेव्हा कुठे ते थोडं सैल झालं. हे मोती यायचे आपल्या मुंबईत. इथे त्यांची प्रतवारी व्हायची आणि इथून ते युरोपात जायचे. पुढे जपानचे संवर्धित मोती बाजारात आले, मंदी आली आणि १९३०च्या दशकात तो धंदा बसला.

१९४३ साली फ्रान्समध्ये जाक कुस्तो आणि एमिल गान्याँ यांनी पाठीवर हवेची टाकी घेऊन श्वास घेता येईल असं यंत्र बनवलं. दोर सुटला, नाकाचा चिमटा गेला. पाण्याखाली जाणं हळूहळू शौक झालं, आणि शौक म्हटला की राहायला जागा लागते.

ती जागा सगळ्यात नेटकेपणाने मालदीवने विकली. इब्न बतूता १३४३-४४मध्ये तिथे काझी होता. तेव्हा ती बेटं जगाला कवड्या आणि काथ्या विकत होती. १९७२ साली मालेजवळच्या एका निर्जन बेटावर कुरुंबा हे पहिलं रिसॉर्ट उघडलं. त्याआधी संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी इथे पर्यटन चालणार नाही असं सांगितलं होतं, ही गोष्ट तिथे अजून चवीने सांगतात. मग एक बेट, एक रिसॉर्ट असं धोरण ठरलं. पाहुणा रिकाम्या बेटावर, गाव दुसऱ्या बेटावर. मद्य तिकडे, मशीद इकडे. गावाच्या बेटांवर साधी गेस्ट हाऊस चालवायला २००९ नंतर मोकळीक मिळाली. तोवर कितीतरी मालदीवी माणसांनी रिसॉर्ट पाहिलं ते नोकर म्हणून. श्रद्धा जपायची म्हणून ही भिंत घातली असं म्हणतात. मला वाटतं, भिंतीमुळे पैसाही पलीकडेच जास्त राहिला.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारं ठिकाण म्हणजे मालवण. इथे बेट रिकामं नव्हतं. २५ नोव्हेंबर १६६४ला शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं काम सुरू केलं, १६६७मध्ये ते पुरं झालं. अशा किल्ल्याला आपण 'जंजिरा' म्हणतो. तो अरबी 'जज़ीरा', म्हणजे बेट. खलाशी, बंदर, दर्यावर्दी हे शब्दही फारसी-अरबीतून आलेले, आणि ते बोलणारी माणसं एकाच धर्माची नव्हती. महाराजांच्या आरमारात दौलतखान होता. १६७९ला खांदेरीच्या पाण्यात इंग्रजांशी लढताना मायनाक भंडारीसोबत तोही होता.

किल्ल्याभोवतीच्या खडकांवर प्रवाळ आहे. ते राखण्यासाठी १९८७मध्ये सुमारे २९ चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य जाहीर झालं. मच्छीमारांनी विरोध केला. पिढ्यान्‌पिढ्या जिथे जाळं टाकलं, तिथे आता परवानगी मागायची? मला त्यांचा राग चुकीचा वाटत नाही. प्रवाळ गेलं तर मासाही जातो हे खरं, पण ते ठरवताना किनाऱ्यावरच्या माणसाला आधी विचारायला हवं होतं. पुढे एमटीडीसीने तारकर्लीत स्कूबाचं प्रशिक्षण केंद्र उभारलं. पाठोपाठ गावातल्या घराघरांत पर्यटकांसाठी खोल्या निघाल्या. मालदीवचा थाट इथे नाही. पाहुणा यजमानाच्याच ओट्यावर बसून सोलकढी पितो.

दोन हिवाळ्यांपूर्वी आम्ही तिथे गेलो होतो. माझ्या मुलाला पाण्याखाली नेणारा पोरगा मच्छीमाराच्या घरातला. मुलाने पाठीवर टाकी चढवली होती, पैसे मी भरले होते, आणि हात धरला होता त्याने. चौदाव्या शतकातला व्यापारी होडीत बसायचा आणि कर्जदार खाली जायचा, ते आठवून मी होडीत जरा अवघडून बसलो.

ते दोघं वर आल्यावर मी त्या पोराला विचारलं, प्रवाळ नेमकं कुठे आहे हे प्रशिक्षणात शिकवलं का? तो म्हणाला, प्रशिक्षणात श्वास शिकवला. खडक त्याला आजोबांकडून ठाऊक होते. जिथे आजोबांचं जाळं अडकून फाटायचं, तिथेच आता तो लोकांना बुडी मारायला नेतो.