चौकोनी चित्र, रुंद पडदा

गेल्या आषाढीस मंडळात 'संत तुकाराम' बोलपट लावला, तेव्हा दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या पाहून टीव्ही बिघडला की काय, असे काही भगिनींस वाटले. एकीने रिमोट दाबून चित्र पडदाभर केले. विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा क्षणात गलेलठ्ठ झाले! म्हणून हे चार शब्द.

ते चित्र चौकोनी का, याची कथा जुनी आहे. अमेरिकेत एडिसनच्या प्रयोगशाळेत डिक्सन यांनी ३५ मिलिमीटर रुंदीच्या फितीवर चार भोकांच्या उंचीचे चित्र बसविले. रुंदी चार भाग, उंची तीन. तेच माप जगभर रूढ झाले. दादासाहेब फाळक्यांचा १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' त्याच मापाचा. प्रभातचा १९३६ चा 'संत तुकाराम'ही जवळपास तसाच. पुढे टीव्हीनेही तेच माप उचलले. अमेरिकेत लोक घरीच टीव्ही पाहू लागले, तेव्हा त्यांना परत थिएटरात ओढण्यासाठी १९५३ साली सिनेमास्कोपचा रुंद पडदा आला. आपल्याकडे गुरुदत्तचा 'कागज के फूल' १९५९ साली तसा निघाला. टीव्हीहून निराळे दिसावे म्हणून सिनेमा रुंद झाला, आणि आता टीव्हीच रुंद होऊन बसला. मोठी मौज आहे!

आजचा पडदा १६ भाग रुंद, ९ भाग उंच. जुने चित्र त्यावर जसेच्या तसे ठेवले तर पडद्याचा चौथा हिस्सा रिकामा राहतो. ताणले तर माणसे तिसऱ्या हिश्श्याने रुंद होतात. मोठे करून भरले तर वरखालचा मिळून चौथा हिस्सा कापला जातो. तवा मोठा आहे म्हणून थापलेली भाकर कुणी ओढून तेवढी करते का? १९८७ चे 'रामायण' २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने पुन्हा दाखविले. तेही मुळात चौकोनी पडद्यासाठीच केलेले.

देवादिकांचे एक असो, घरच्या माणसांचे काय? आमचे लग्न १९९९ साली परतूरला झाले. त्या कॅसेटमध्ये सासूबाई अक्षता टाकताना दिसतात. त्यांचे चालते-बोलते चित्र तेवढेच. त्या अंगाने किडकिडीत होत्या, पण पडदाभर ताणलेल्या चित्रात पाहून मुलगी म्हणाली, "आजी इतकी जाड होती?" मी रिमोटवर चित्राचा आकार '४:३' निवडला. पट्ट्या आल्या, आणि मधोमध सासूबाई होत्या तशा उभ्या राहिल्या.

"अगं बाई," मुलगी म्हणाली, "ही तर हुबेहूब आत्या!"