छोट्या विमानांचं डिझेल इंजिन आणि हमीचा प्रश्न

मंडळी, डिझेल इंजिन म्हटलं की आपल्याला ट्रक आठवतो, ट्रॅक्टर आठवतो. विमान काही आठवत नाही. पण डिझेल इंजिनावर पहिलं विमान उडालं ते 1928 साली, अमेरिकेत. इंजिन होतं पॅकार्ड या मोटार कंपनीचं. 1931 मध्ये हेच इंजिन बसवलेलं एक बेलांका विमान मध्ये इंधन न भरता 84 तासांहून जास्त वेळ हवेत राहिलं. हा विक्रम मोडायला 1986 साल उजाडावं लागलं!

मग हे इंजिन मागे का पडलं? एक तर त्याची थरथर आणि धुराचा वास. दुसरं म्हणजे, त्याचा रचनाकार लायोनेल वूल्सन 1930 मध्ये विमान अपघातात गेला. आणि पुढे शिसं मिसळलेलं उत्तम पेट्रोल मिळू लागलं. छोटी विमानं त्या पेट्रोलवर स्थिरावली.

पुढे तेच पेट्रोल युरोपात फार महाग झालं. जेट विमानांचं इंधन, म्हणजे एका अर्थी शुद्ध केलेलं रॉकेल, मोठ्या विमानतळांवर सहज मिळतं, आणि डिझेल इंजिनाला ते चालतं. हे हेरलं जर्मनीच्या थीलर्ट कंपनीनं. तिनं मर्सिडीजच्या छोट्या मोटारीचं 1.7 लिटरचं इंजिन घेऊन त्यापासून 135 अश्वशक्तीचं विमानाचं इंजिन तयार केलं. 2002 मध्ये त्याला मान्यता मिळाली. सेस्ना 172 सारख्या जुन्या विमानांतलं पेट्रोलचं इंजिन काढून हे बसवता येऊ लागलं. इंधन कमी लागायचं.

आता अडचण बघा. मोटारीचं इंजिन मिनिटाला सुमारे 3900 फेरे घेतं, आणि विमानाच्या पंख्याला हवेत जेमतेम 2300. म्हणून मध्ये गिअरबॉक्स आला. तो ठरावीक तासांनी काढून कारखान्याकडे पाठवायचा. कंपनी हमीनुसार खर्चाचा भार उचलत होती, तोवर मालकांना त्याचं ओझं वाटलं नाही.

एप्रिल 2008 मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. जुन्या हम्या पाळल्या जाईनात, सुट्या भागांचे भाव चढले. हजारो रुपये नव्हे, हजारो युरोंचा प्रश्न! इंजिन धडधाकट असूनही कित्येक विमानं जमिनीवर बसून राहिली. हीच इंजिनं वापरणाऱ्या ऑस्ट्रियाच्या डायमंड कंपनीनं तर स्वतःचं इंजिन उभं केलं, त्याला 2009 मध्ये मान्यता मिळाली. थीलर्टचा व्यवसाय 2013 मध्ये चिनी मालकीच्या कॉन्टिनेंटलकडे गेला आणि ती इंजिनं आजही बनतात.

म्हणजे तंत्र काही हरलं नाही. पण विमानाचं इंजिन बदलणं म्हणजे नुसतं यंत्र बदलणं नव्हे. त्याच्यासोबत पुढची वीस वर्षं सुटे भाग देणारा, दुरुस्ती करणारा, शब्द पाळणारा कुणीतरी आपण निवडत असतो. 2008 मध्ये विमानमालकांना नेमका तोच उरला नाही.