शिकल, कल्हई आणि क्लेचा गोळा

वणीला आमच्या दुकानात फळीवर एक काचेची बरणी आहे. तिच्यात लिंबाएवढा काळा गोळा ठेवलेला आहे. नवीन गिऱ्हाईक विचारतं, "हे काय आहे? लाख आहे का?" तो गोळा मुळात निळा होता. एका दिवसात तीन पांढऱ्या गाड्यांवरून फिरला आणि असा झाला. अब्बांनी तो फेकू दिला नाही. आज या गोळ्याची गोष्ट सांगायची आहे. पण ती सुरू होते माझ्या दादांपासून, आणि खरं तर त्यांच्याही आधीपासून.

'शिकलगार' हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. महाराष्ट्रात हे आडनाव आहे, जमातही आहे. अरबीत 'सैकल' म्हणजे धातू घासून लखलखीत करणारा. फारसीतून 'सैकलगर' आला आणि मराठीच्या तोंडी तो शिकलगार झाला. तलवार, भाला, कट्यार यांचा गंज उतरवायचा, धार लावायची, पातं आरशासारखं करायचं, हे त्याचं काम. फौज कुणाचीही असो, मुघलांची, निजामाची की मराठ्यांची, शिकलगाराशिवाय तिचं चालत नसे. या धंद्यात मुसलमान होते, तसे शीखही होते. सूफींनी तर हा शब्द काळजापर्यंत नेला. आरशावर गंज चढतो तसा मनावरही चढतो, म्हणून त्यालाही सैकल हवं, असं ते सांगत. (तेव्हाचे आरसे काचेचे नसून घासलेल्या धातूचे असत, म्हणून आरशाला गंज.)

१८७८ साली इंग्रजांनी शस्त्रांचा कायदा केला. परवान्याशिवाय हत्यार बाळगणं गुन्हा ठरलं आणि शिकलगारांच्या हातचं मुख्य काम गेलं. तलवारीवरचे हात विळे, अडकित्ते, कात्र्या, सुऱ्या यांच्याकडे वळले. आपल्या समाजाचा इतिहास लिहिताना आपण नवाब, सुभेदार आणि लढाया मोजतो. कायद्याच्या एका कागदानं किती घरांची चूल बदलली, ते मात्र सहसा कुणी लिहीत नाही.

आमचं घराणं शिकलगारांचं नाही. दादा कल्हईवाले होते, दारव्ह्याचे. भाता, कोळसा, कथील आणि नवसागर एवढं सामान पाठीवर टाकून ते बाजारगावं करत. शकुंतला गाडी तेव्हा यवतमाळहून दारव्ह्यावरून मूर्तिजापूरला जायची. नॅरोगेज, धीमी, पण गरिबाची. वऱ्हाडचा कापूस बंदराकडे आणि तिथून मँचेस्टरच्या गिरण्यांकडे जावा म्हणून इंग्रज कंपनीनं ती बांधली होती. गंमत अशी की तिचं वाफेचं इंजिनही मँचेस्टरलाच बनलेलं, १९२१ सालचं. १९२३ पासून ते या रुळांवर धावलं आणि १५ एप्रिल १९९४ ला थांबलं. दादा त्या गाडीतून उतरले की कपड्यांवर इंजिनाची काजळी असायची. "ही झटकायची नाही," ते सांगत, "झटकली तर पसरते, घासली तर कापडात शिरते. पाण्यानं भिजव आणि उचल."

कल्हईतही त्यांचा हाच कायदा होता. लोकांना वाटतं, कल्हई म्हणजे चमक. दादांच्या मते कल्हई म्हणजे नव्वद टक्के सफाई. भांडं राखेनं, वाळूनं घासायचं, भट्टीवर तापवायचं, मग नवसागर टाकायचा. पांढरा धूर निघतो आणि तांब्यावरचा उरलासुरला काळपटपणा जातो. त्यानंतर कथील लावायचं. ते २३२ अंशांना वितळतं आणि कापसाच्या बोळ्यानं फिरवलं की क्षणात पसरतं. पण आत मळ राहिला असेल तर तिथं कथील धरत नाही. वरून कितीही चमकलं तरी महिन्याभरात त्या जागी तांबं उघडं पडतं आणि ताक कळकतं.

पुढे घरोघरी स्टील आलं आणि कल्हई बसली. अब्बा नागपूरला एका उस्तादाकडे डेंटिंग-पेंटिंग शिकले. वेस्टर्न कोलफिल्ड्स १९७५ साली स्थापन झाली होती, वणीच्या आसपास खाणी वाढत होत्या, ट्रक वाढत होते. अब्बांनी वणीत पत्र्याचं शेड टाकलं.

इथे रंगाचाही थोडा इतिहास सांगतो. सुरुवातीच्या मोटारी घोडागाडीसारख्याच ब्रशनं रंगवत. व्हार्निशचे थर वाळायला आठवडे लागत. १९२० च्या दशकात अमेरिकेत ड्यूपाँ आणि जनरल मोटर्सनं नायट्रोसेल्युलोजचा फवारायचा रंग आणला. नाव 'ड्यूको'. आठवड्यांचं काम तासांवर आलं. आपल्याकडे आजही जुने मिस्त्री कुठल्याही फवाऱ्याच्या रंगाला 'ड्यूको मारणं' म्हणतात, ते त्यामुळेच.

अँबॅसिडर आणि पद्मिनीच्या काळात गाडीवर रंगाचाच एक थर असे. उन्हानं तो पांढुरका पडला की रबिंग कंपाउंड घ्यायचं, कापडानं घासायचं. मेलेला रंग कापडावर येई आणि खालचा ताजा रंग उघडा पडे. अब्बांचा हात या कामात बसलेला होता. "चमक रंगातच असते, आपण फक्त वर आणतो," असं ते म्हणत.

नव्वदच्या दशकानंतर गाड्यांचा रंग बदलला. आता खाली पातळ रंग आणि वर पारदर्शक थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात. हा थर साधारण चाळीस-पन्नास मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाहूनही बारीक. सगळी चमक त्याच्यात. तो एकदा घासून गेला की पुन्हा येत नाही.

आमच्याकडे एक पांढरी गाडी आली. मालक रोज ती रेल्वेच्या कोळसा सायडिंगजवळ उभी करायचा. बोनेटवर आणि टपावर बारीक नारिंगी ठिपके पडले होते, धुऊन जात नव्हते. तो हसत म्हणाला, "चाचा, गाडीले गोवर निघाला का जी?" हात फिरवला तर वाळूच्या कागदासारखं लागत होतं. अब्बांना वाटलं, रंग खराब झाला. त्यांनी मशीनवर कंपाउंड लावून दाबून घासलं. ठिपके गेले, पण बोनेटच्या कडेवर क्लिअर कोटही गेला आणि खालचा पांढरा रंग निस्तेज दिसू लागला. अब्बांनी एक शब्द न बोलता पदरच्या पैशानं बोनेट रंगवून दिलं. मालकानं काही म्हटलं नाही, पण तो पुन्हा आला नाही. त्या रात्री अब्बा जेवले नाहीत. "हात गेला माझा," एवढंच म्हणाले. चाळीस वर्षांच्या कारागिरानं हे म्हणणं काय असतं, ते त्याच्या घरच्यांनाच कळतं.

हात गेला नव्हता. रोग वेगळा होता आणि औषध जुनं होतं. ते ठिपके रंगाचे नव्हतेच, लोखंडाचे होते. रेल्वेचं चाक रुळावर घासतं, ब्रेक लागतात, तेव्हा लोखंडाचे सूक्ष्म कण उडतात. गाडीवर बसतात, रुततात आणि दमट हवेत गंजतात. त्यावर आमच्या भागातला कोळसा आणि चुन्याची धूळ. पाणी आणि शाम्पू वरची धूळ नेतात, रुतलेले कण नेत नाहीत.

ईदला माझा आतेभाऊ आला. तो पुण्यात गाड्यांच्या डिटेलिंगच्या दुकानात काम करतो. त्यानं खिशातून निळा गोळा काढला. म्हणाला, "मामू, घासू नका. नुसतं फिरवा."

हा क्ले बार. नावात माती असली तरी ही शेतातली माती नाही. लवचिक पॉलिमरमध्ये अतिशय बारीक खरकण मळून तो करतात. जपानमध्ये तदाओ कोदाते यांनी तो विकसित केला, १९९५ मध्ये त्यांना अमेरिकेत पेटंट मिळालं आणि मग तो जगभर गेला. पेटंटात त्याला लवचिक घासदगडच म्हटलं आहे. म्हणजे शिकलगाराचा दगड, फक्त मऊ झालेला.

रीत साधी आहे. गाडी सावलीत घ्या, आधी नीट धुवा, सुटी वाळू राहू देऊ नका. हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून पत्र्यावर बोटं फिरवा, खरखर लगेच कळते. गोळ्याचा तुकडा तोडून छोट्या भाकरीसारखा थापा. दोन फूट बाय दोन फूट जागा घ्या, त्यासाठीचा फवारा किंवा पातळ साबणपाणी भरपूर मारा आणि हलक्या हातानं सरळ रेषेत फिरवा. सुरुवातीला अडकतो, आवाज येतो. मग आवाज थांबतो आणि गोळा सरकू लागतो. जे कण पृष्ठभागावर डोकं वर काढून बसले आहेत, तेवढेच तो खुडून स्वतःत घेतो. गोळा मळून नवी बाजू वर आणा. जमिनीवर पडला तर सरळ फेका, नाहीतर त्याला चिकटलेली वाळू रंगावर रेघा ओढेल. यानं जुने ओरखडे जात नाहीत, आणि मॅट रंगावर तो वापरू नये. शेवटी वॅक्स लावा, कारण पृष्ठभाग आता उघडा असतो. वर्षातून एकदा-दोनदा पुरे. पावसाळ्यानंतर एकदा केलं तर उत्तम.

अब्बांनी पहिल्यांदा टपावर गोळा फिरवला आणि ठिपके गेलेले पाहिले. थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हे तर अब्बाजींचं काम आहे. आधी मळ, मग चमक." मळ दिसतोय त्यावर वॅक्स लावणं म्हणजे मळावर कल्हई. साठीच्या पुढे ते नवीन काम शिकले, आणि त्यांच्या लेखी ते नवीन नव्हतंच.

मातीनं स्वच्छ होण्याचं आपल्याला नवल वाटू नये. आमच्या आज्या काळ्या मातीनं केस धूत, गावोगाव भांडी मातीनं घासत. पाणी मिळालं नाही तर स्वच्छ मातीवर हात मारून तयम्मुम करायला आपण लहानपणीच शिकतो.

आता त्या बरणीकडे परत येतो. जे कण गाडीच्या टपावर बसतात, ते टपाच्याच शोधात आलेले नसतात. दहा मायक्रॉनपेक्षा बारीक धूळ श्वासातून आत जाते, अडीचपेक्षा बारीक असली तर फुफ्फुसात खोलवर उतरते. अब्बांनी चाळीस वर्षं तोंडाला नुसता रुमाल बांधून फवारा मारला. आधुनिक टू-के रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्यानं दमा होतो, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. आज ते जिना चढताना दोनदा थांबतात. गाडीसाठी निळा गोळा आहे, छातीसाठी नाही.

म्हणून ती बरणी दुकानात आहे. कोळशाच्या धुळीबद्दल निवेदनं देणाऱ्या गावकऱ्यांना कुणी पुरावा मागितला, तर तो फळीवर ठेवलेला आहे. आणि आमच्या शेडमध्ये काम शिकायला येणाऱ्या पोरांना अब्बा पहिल्या दिवशी फवाऱ्याची बंदूक देत नाहीत. आधी मास्क देतात, फिल्टरवाला, आणि तो नीट बांधला की नाही ते स्वतः हात लावून बघतात.