पीतकंठी चिमणी

कमी पावसाच्या, विरळ झाडीच्या प्रदेशातील छोटी चिमणी. दुसरे नाव रानचिमणी. शास्त्रीय नाव जिम्नोरिस झँथोकॉलिस. आग्नेय तुर्कस्तान, इराक व इराणपासून भारतापर्यंत आढळते. पश्चिमेकडील पक्षी हिवाळ्यात भारतात उतरतात. नाशिक जिल्ह्यात येवला, नांदगाव, सिन्नर या अवर्षणप्रवण तालुक्यांतील बाभूळबन, पळसाचे माळ व शेतबांधावरची झाडे हा तिला मानवणारा अधिवास.

लांबी सुमारे १४ सेंमी. रंग राखी-तपकिरी, पंखांवर दोन पांढुरके पट्टे. नराच्या खांद्यावर तांबूस डाग आणि गळ्यावर पिवळा ठिपका असतो; मादी फिकट. घरचिमणीपेक्षा ती झाडांवर जास्त रमते. बिया, किडे व बोरांसारखी फळे खाते. पळस, मोह, नेपती यांच्या फुलांतील मधुरसही पिते आणि परागीभवनाला हातभार लावते. तिच्या जीवनातला हा भाग सर्वांत लक्षणीय, तरी दुर्लक्षित आहे.

वीण साधारण एप्रिल ते जुलै. झाडाची ढोली किंवा सुतार पक्ष्याने सोडलेले बीळ तिला घरट्यासाठी लागते. म्हणून बांधावरचे जुने, पोकळ झाड तोडणे तिच्या मुळावर येते. नाशिकचे मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्चला साजरा होणाऱ्या जागतिक चिमणी दिनात घरचिमणीइतकेच स्थान हिलाही मिळायला हवे.

भारतीय पक्षिशास्त्रावर हिचे मोठे ऋण आहे. बालपणी एअरगनने टिपलेली अशी चिमणी ओळखण्यासाठी सालिम अली मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे गेले आणि तेथूनच पक्षिअभ्यासाकडे वळले. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आत्मचरित्राच्या ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’ या शीर्षकात हीच चिमणी आहे.