विषण्णतेच्या काळात श्रद्धेचा आधार : संत इग्नेशियस यांचे नियम

संकटे कोसळली की प्रार्थनेत मन रमेनासे होते, हा पुष्कळ श्रद्धावंतांचा अनुभव आहे. नोकरी गेलेली असते, घरात दीर्घ आजार असतो, कर्जाचे हप्ते थकलेले असतात. अशा वेळी रोझरीची माळ हाती घेतली तरी प्रार्थना ओठांवरच राहते. मग ‘आपली श्रद्धाच आटली’ असे वाटून माणूस अधिकच खचतो. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी या अवस्थेचा सखोल विचार करून काही नियम घालून दिले आहेत. त्यांतील प्रमुख नियमांचा परिचय आपण येथे करून घेऊ.

नियमांचा उगम

२० मे १५२१ रोजी पांप्लोना येथील लढाईत तोफगोळा लागून इग्नेशियस जबर जखमी झाले. आजारपणातील वाचनाने त्यांच्या जीवनाला वेगळे वळण मिळाले आणि १५२२ साली ते स्पेनमधील मानरेसा या गावी येऊन राहिले. तेथे पूर्वायुष्यातील पापांविषयीच्या शंकांनी त्यांना ग्रासले. पुनःपुन्हा पापनिवेदन करूनही मन शांत होईना. जीव द्यावा असा मोह आपणांस अनेकदा झाला, हे त्यांनी स्वतःच आत्मकथनात सांगितले आहे. देवाने दिलासा द्यावा म्हणून त्यांनी आठवडाभर अन्न वर्ज्य केले. परंतु पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंनी उपवास सोडण्याची आज्ञा करताच त्यांनी ती पाळली. अशा अनुभवांतून त्यांचा ‘आध्यात्मिक साधना’ हा ग्रंथ आकारास आला. पोप तिसरे पॉल यांनी १५४८ साली त्यास मान्यता दिली.

विषण्णता म्हणजे काय?

मनात अंधार दाटणे, अस्वस्थता वाढणे, आशा व प्रेम मंदावणे, परमेश्वर दुरावला आहे असे वाटणे, या अवस्थेला इग्नेशियस आध्यात्मिक विषण्णता म्हणतात. तिच्या उलट अवस्था म्हणजे सांत्वन. साधकाच्या जीवनात दोन्ही अवस्था येतात आणि जातात. भावना ओसरली म्हणजे श्रद्धा संपली असे नव्हे, हे प्रथम ध्यानी घ्यावे.

प्रमुख नियम

१. निर्णय बदलू नये. मन शांत असताना देवासमोर जो चांगला निश्चय केला, तो विषण्णतेच्या काळात मोडू नये. रविवारचे मिस्साबलिदान सोडणे, संसारातून अंग काढून घेणे, हाती घेतलेली सेवा टाकून देणे असे विचार याच काळात बळावतात. अंधारात वाट बदलणारा बहुधा भरकटतो.

२. प्रार्थनेत थोडी भर घालावी. निर्णय बदलायचा नसला, तरी स्वतःला बदलण्याचा यत्न करावा. प्रार्थना, मनन व आत्मपरीक्षण यांना नेहमीपेक्षा थोडा अधिक वेळ द्यावा. मात्र मानरेसातील उपवासाची आठवण ठेवून शरीराला अपाय होईल असे काही करू नये.

३. धीर धरावा. सांत्वन पुन्हा येईल, याचे स्मरण ठेवावे. विषण्णता ही प्रत्येक वेळी आपल्या हयगयीचे फळ नसते. कधी ती श्रद्धेची पारख असते, तर कधी सांत्वन ही आपली कमाई नसून देवाची देणगी आहे हे शिकवणारी असते. म्हणून संकटात सापडलेल्याला ‘तुमची श्रद्धा कमी पडली’ असे कोणीही ऐकवू नये.

४. मनातले बोलावे. सैतानाला गुप्तता प्रिय असते, असे इग्नेशियस बजावतात. ज्ञानी धर्मगुरू अथवा अनुभवी आध्यात्मिक मार्गदर्शक यांच्यापाशी मन उघडे केले की मोहाचा जोर ओसरतो. गेथशेमाने बागेत प्रभू येशूनेही आपली व्यथा पेत्र, याकोब व योहान यांना बोलून दाखवली आणि त्यांनी सोबत जागे राहावे अशी इच्छा व्यक्त केली. दुःख सांगणे हा श्रद्धेचा अभाव नव्हे, हे प्रभूच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

वैद्यकीय साहाय्य

आध्यात्मिक विषण्णता आणि नैराश्याचा आजार एकच नव्हेत. मात्र दोन्ही एकत्र येऊ शकतात. अनेक दिवस झोप व भूक हरपली असेल किंवा जीवन संपवण्याचे विचार येत असतील, तर प्रार्थनेबरोबरच डॉक्टरांकडे विनाविलंब जावे. शासनाची ‘टेली-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे. औषध घेतल्याने विश्वासाला उणेपणा येत नाही. तीव्र मानसिक व्यथेमुळे आत्महत्या करणाऱ्याची नैतिक जबाबदारी कमी होऊ शकते आणि अशा व्यक्तीच्या तारणाविषयी आशा सोडू नये, असे कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात सांगितले आहे (२२८२–२२८३). ज्या घरांवर असा आघात झाला आहे, त्यांना धर्मग्रामाने बोल न लावता जवळ करावे.

सांत्वनाच्या दिवसांत पुढील कठीण काळासाठी बळ साठवून ठेवावे, असाही इग्नेशियस यांचा उपदेश आहे. मन शांत असेल तेव्हाच आपला निश्चय लिहून ठेवावा आणि कोणाशी बोलायचे हेही ठरवून ठेवावे. अंधार दाटेल त्या दिवशी हीच शिदोरी उपयोगी पडेल. आज जे त्या अंधारातून चालत आहेत, त्यांना प्रभूचे सांत्वन लवकर लाभो, हीच प्रार्थना.