निनवे ते मंगरूळपीर : दुष्काळ, न्याय आणि रहम

१/ १८९९ साली वऱ्हाडात पाऊस फिरकलाच नाही. मंगरूळपीर तेव्हा बाशीम, म्हणजे आजच्या वाशीम जिल्ह्यात होते. १८९१ च्या जनगणनेत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २८ लाख ९७ हजार होती. १९०१ मध्ये ती सुमारे २७ लाख ५४ हजारांवर आली. दुष्काळ आणि त्यामागून आलेल्या रोगराईने गावेच्या गावे विरळ केली.

२/ अशा वर्षी प्रत्येक धर्माच्या माणसाच्या ओठांवर एकच प्रश्न येतो : हा देवाचा कोप आहे काय? आणि कोप असेल, तर सर्वांत आधी गरिबाचेच मूल का मरते? या प्रश्नाशी सर्वांत कठोरपणे झुंजणारी एक परंपरा म्हणजे प्राचीन इस्राएलचे हिब्रू संदेष्टे.

३/ इ.स.पू. आठव्या शतकातील आमोस हा तकोवा गावचा मेंढपाळ. राजा दुसऱ्या यराबामाच्या भरभराटीच्या काळात तो बेथेलच्या राजमंदिरापर्यंत गेला आणि त्याने परमेश्वराचा न्याय जाहीर केला. अवर्षण, टोळधाड, पिकांवरील रोग या साऱ्यांत त्याला देवाचा इशारा दिसत होता.

४/ मात्र त्याचा रोख कोणावर होता, हे पाहणे महत्त्वाचे. खोटी मापे वापरणारे व्यापारी, लाच खाणारे न्यायकर्ते, क्षुल्लक कर्जापायी गरिबाला विकणारे सावकार आणि हस्तिदंती पलंगांवर लोळणारे धनिक हे त्याचे आरोपी होते. उपाशी माणसाला त्याने पापी ठरवले नाही. उपासमारीतही पोट भरलेल्यांना जाब विचारला.

५/ त्याच शतकातील होशेयाने दुसरी बाजू मांडली. त्याच्या वाणीत देव हा लेकराला चालायला शिकवणारा बाप आहे. लेकरू बिघडले म्हणून तो संतापतो. पण त्याचा नाश करण्याची वेळ येताच त्याचे काळीज कालवते. न्याय आणि दया एकाच हृदयात झगडताना दिसतात.

६/ या झगड्याची सर्वांत धारदार कथा योनाची. निनवे हे अश्शूरचे महानगर, आजच्या इराकमधील मोसुलजवळचे. याच अश्शूरने इ.स.पू. ७२२ च्या सुमारास इस्राएलचे उत्तरेकडील राज्य बुडवले. अशा शत्रूच्या नगरात जाऊन योना विनाशाची घोषणा करतो. नगर पश्चात्ताप करते, देव शिक्षा मागे घेतो आणि संदेष्टा रुसून बसतो! शेवटी देव त्याला विचारतो, की एवढ्या अजाण माणसांची आणि गुराढोरांची मला कीव येऊ नये काय? ग्रंथ या प्रश्नावरच संपतो. उत्तर वाचणाऱ्याने द्यायचे.

७/ दोन हिब्रू शब्द येथे कळीचे आहेत. ‘शूव’ म्हणजे परत फिरणे. आपल्या ‘पश्चात्ताप’ शब्दात मागाहून होणारी जळजळ आहे. हिब्रू शब्दात वाट बदलणे आहे. दुसरा शब्द ‘रहामीम’, म्हणजे करुणा. त्याचे नाते ‘रेहेम’, म्हणजे गर्भाशय, या शब्दाशी आहे. अरबीतून आपल्याकडे आलेला ‘रहम’ याच सेमिटिक कुळातला. मंगरूळपीरला हयात कलंदरांच्या दर्ग्यावर रहम मागणारा भाविक नकळत योनाच्या भाषेचा सोयरा ठरतो.

८/ हे ग्रंथ मुळात यहुद्यांचे. योनाचा ग्रंथ आजही योम किप्पूरच्या दिवशी सभास्थानांत वाचला जातो. ख्रिस्ती परंपरा तो वारसा येशूच्या प्रकाशात वाचते. शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसे मेली, तेव्हा ती इतरांहून अधिक पापी होती काय, या प्रश्नाला येशूने स्पष्ट नकार दिला. पण ऐकणाऱ्यांनी स्वतः परत फिरावे, असेही बजावले. न्याय आणि दया क्रूसावर एकत्र भेटतात, ही ख्रिस्ती श्रद्धा याच वाटेने पुढे जाते.

९/ महाराष्ट्रात या विचाराला देह मिळाला तो पंडिता रमाबाईंच्या रूपाने. १८५८ साली जन्मलेल्या रमाबाईंनी १८७० च्या दशकातील दुष्काळात आईवडील गमावले. उपास म्हणजे काय, हे त्या जाणून होत्या. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

१०/ १८९६-९७ चा दुष्काळ पडला, तेव्हा त्या वऱ्हाडाशेजारच्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो निराधार मुली-स्त्रियांना घेऊन आल्या. पुणे जिल्ह्यातील केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी काढलेल्या घराचे नाव होते कृपासदन. समाजाचा निकाल लागला होता; रमाबाईंनी दार उघडे ठेवले.

११/ त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम हाती घेतले. खेड्यातल्या बाईला कळेल अशी भाषा, हा त्यांचा आग्रह होता. छपाईही मुक्तीच्या छापखान्यात, तेथील स्त्रियांच्याच हातून झाली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, तेव्हा हे काम जवळजवळ पूर्ण झाले होते.

१२/ दुष्काळ देवाने पाठवला की नाही, याचा निवाडा इतिहास करू शकत नाही. वऱ्हाडात रेल्वे होती, धान्य येऊ शकत होते. पण मजुरी बुडालेल्याच्या हाती ते घ्यायला पैसा नव्हता, एवढे मात्र तो सांगू शकतो. आमोसाने बोट ठेवले असते ते नेमके येथेच. आणि योनाला विचारलेला प्रश्न अजूनही उत्तराची वाट पाहत आहे.

(समाप्त)