ब्रेम
ब्रेम : जर्मनीच्या ऱ्हाइनलँड-पॅलेटिनेट राज्यातील कोखेम-त्सेल जिल्ह्यातील द्राक्षोत्पादक गाव. मोझेल नदीच्या तीव्र वळणावर, डाव्या तीरावर ते वसले आहे. लोकसंख्या हजाराहून कमी. गावामागील काल्मोंट डोंगराचा चढ काही ठिकाणी सु. 65° असून तेथील द्राक्षमळा यूरोपातील सर्वांत तीव्र उताराच्या मळ्यांत गणला जातो. दक्षिणाभिमुख उतार आणि दिवसा तापून रात्री ऊब सोडणारा पाटीचा दगड यांमुळे उशिरा पिकणारे रीसलिंग द्राक्ष येथे चांगले येते. चुना-सिमेंटविना रचलेल्या दगडी बांधांनी अरुंद पायऱ्या केल्या आहेत. पारंपरिक पद्धतीत प्रत्येक वेल स्वतंत्र खुंटाला बांधून तिच्या फांद्या बदामाच्या आकारात वळवतात. यंत्रे चालत नसल्याने छाटणी व तोडणी हातानेच होते. माणसे व माल यांची ने-आण एकरुळी गाडीने करतात. कष्ट व खर्चामुळे विसाव्या शतकात अनेक पायऱ्या ओसाड पडल्या. पुढे काहींवर पुन्हा लागवड झाली. पैलतीरावर बाराव्या शतकात स्थापन झालेल्या श्टूबेन या जोगिणींच्या मठाच्या चर्चचे अवशेष आहेत. कॉन्स्टँटिनोपलहून आणलेली, क्रूसाचे अवशेष असलेली सुवर्णपेटी या मठाकडे होती. ती आता लिंबुर्ग येथे आहे. काल्मोंटवरील दोर-शिड्यांची पायवाट पर्यटकांचे आकर्षण आहे.